तिसाव्या फेरीचा आकडा

हे आलं तेव्हा पोकळ होतं.
जेवणाच्या डब्याएवढं, त्याहून जरा बसकं.
आठवण नाही, साठवण नाही,
नुसती पाठ, बरगड्या
आणि एक पंखा, बशीच्या खळग्यात मावेल असा.

चार स्क्रू. तळ उघडला.
मेमरीच्या पट्ट्या तिरक्या धरून दाबल्या,
टक्.
दुसरी टक् थोडी उशिरा.
हा आवाज मला कळतो. तो नीट आला नाही
तर पुढचे सगळे आकडे खोटे निघतात.

बाहेर सिन्चूचा वारा,
चांद्र नवव्या महिन्यातला, डोंगर उतरून येणारा,
उभ्या स्कूटरींची रांगच्या रांग आडवी पाडणारा.
चाचणीच्या खोलीत त्याला मज्जाव.
पंचवीस अंश, खिडक्या बंद, दाराखाली रबर.
एवढ्याशा डब्याचा श्वास ऐकायचा
म्हणून अख्ख्या गावाचा वारा आम्ही बाहेर ठेवतो.

पहिली फेरी : एकवीस हजार चारशे दहा.
त्साओ साहेब माझ्या खांद्यामागून वाकले,
"हाच. हाच छापू."
आणि चहा आणायला गेले.

मी थांबले.
चौथ्या फेरीला पंखा किरकिरू लागला,
सातवीला तापमान पंच्याण्णव,
आणि मग त्यानं ते केलं
जे भर दुपारी ओझं वाहणारा कुणीही करेल :
पाऊल आखूड केलं.
तक्रार नाही, पडद्यावर लाल अक्षर नाही,
कुणाला न सांगता
दर सेकंदाला थोडं कमी उचलायचं, बस.

अठरा हजार.
सोळा हजार सातशे.
पंधरा हजार दोनशे तीस.

आणि तिथे ते टिकलं.
तिसावी फेरी, एकतिसावी, चाळिसावी,
दहा-वीसचा फरक, इकडे किंवा तिकडे.
मी हात लावून पाहिला. झाकण गरम होतं,
पण हात काढावासा वाटला नाही.

वडिलांना आम्ही हाक्का लोक आपा म्हणतो.
आपा शिन्पूच्या टेकडीवर पर्सिमन सुकवतो.
सोललेली फळं बांबूच्या सुपांवर मांडली
की शहरातून माणसं येतात कॅमेरे घेऊन.
केशरी, केशरी, सगळं अंगण केशरी.
आपा त्यांना खुर्ची देतो आणि म्हणतो,
"आज काय बघता, आठव्या दिवशी या."
आठव्या दिवशी कुणी येत नाही.
फळं तोवर काळपट, सुरकुतलेली,
रोज दुपारी त्याच्या दोन अंगठ्यांमध्ये दाबली गेलेली.
तो एक उचलतो, वजन घेतल्यासारखं करतो,
आणि न चाखताच मान हलवतो.

त्साओ साहेब परतले, कपावर झाकण.
मी तक्ता पुढे केला.
"यी-निंग, गिऱ्हाईक पहिली फेरी विकत घेतं."
"आणि घरी नेऊन तिसावी वापरतं."
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत,
चहाच्या वाफेत थोडा वेळ बघत राहिले.
शेवटी ठरलं ते असं :
खोक्यावर एकवीस हजार, ठळक,
शेजारी एक चांदणी,
आणि खाली, भिंग लागेल अशा अक्षरांत, माझा आकडा.
चांदणीसाठी मी पाऊण तास भांडले.

मग बंद केलं. पंखा फिरत राहिला थोडा,
थांबायचं लक्षात नसल्यासारखा.
स्क्रू काढले, पट्ट्या काढल्या.
पुन्हा पोकळ. चाळीस फेऱ्यांतलं
त्याच्याकडे काहीच उरलं नाही,
झाकणाची ऊब सोडून, तीही जाणारच.

रात्री दहाला दार उघडलं
आणि वारा थेट छातीवर.
सकाळी याच रस्त्यानं साठनं आले होते.
आता तीस. समोर हेल्मेट वाकवून सगळेच तीस.
खिशात फोन थरथरला, सिग्नलला वाचला.
आपाचा निरोप, नेहमीसारखा चार शब्दांचा :
वारा चांगला आहे आज.